कोर्टात न आलेल्या बहिणीचा कायदा

प्रश्न थोडक्यात असा. एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विषय घेतला आहे, मुलींचा वडिलोपार्जित शेतजमिनीतला हक्क. गाईड म्हणतात, निवाडे वाच, कलमं लाव, गावात फिरणं हे समाजशास्त्रवाल्यांचं काम. परिसंवादाला गेलं तर कोणी अर्थशास्त्राचे आलेख दाखवतं, कोणी संगणकाकडून लाखो खटले वाचून घेतं, कोणी बायकांच्या मुलाखती घेतं, आणि सगळेच त्याला कायद्याचं संशोधन म्हणतात. यातलं खरं कोणतं आणि सुरुवात कुठून करायची?

मी तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं दिवाणी वकिली करते. वाटपाचे दावे हीच माझी भाजीभाकरी. आठवड्यातून दोन दिवस लॉ कॉलेजात शिकवायला जाते आणि दरवर्षी तीन-चार प्रबंध तपासते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी तुमच्या गाईडांची बाजू घेते, कारण ते चुकीचं सांगत नाहीत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्श्याची वारस झाली, पण सहदायिक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सेदार, झाली नाही; तो हिस्सा मुलालाच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये २९-अ हे कलम घालून मुलीला सहदायिक केलं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट काढली आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना संरक्षण दिलं. मग वडील २००५ ला हयात असायला हवेत की नाही यावर दहा-पंधरा वर्षं घोळ चालला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं पूर्णपीठ, २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती, २०१८ मध्ये दानम्मा, आणि शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी जिवंत असण्याची गरज नाही. ही साखळी तोंडपाठ नसताना गावात गेलात, तर समोर बसलेली बाई नक्की काय गमावून बसली आहे हे तुम्हालाच कळणार नाही. तिचं लग्न कोणत्या साली झालं, वडील कधी वारले, वाटपपत्र नोंदणीकृत होतं का, या तीन प्रश्नांवर सगळं फिरतं आणि ते तीन प्रश्न निवाडे वाचूनच सुचतात.

आता गाईडांच्या विरुद्ध बाजू. निवाड्यात फक्त भांडणाऱ्यांचा कायदा दिसतो.

माझ्याकडे बहिणींच्या बाजूने येणारे वाटपाचे दावे मी मनातल्या मनात मोजले, तर त्यातल्या बहुतेकांच्या मागे एकतर रस्त्यात गेलेली जमीन आहे, नाहीतर औद्योगिक वसाहतीत, नाहीतर शेजारी प्लॉटिंग पडलेलं आहे. भूसंपादनाचा मोबदला खात्यावर जमा होणार म्हटलं की वारसांची यादी निघते आणि पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या बहिणीला आपण वारस आहोत हे कळतं. जिरायती माळरानाच्या दोन एकरासाठी कोर्टात कोण येतं? वकिलाची फीसुद्धा निघत नाही. म्हणून केवळ निवाडे वाचून प्रबंध लिहिला, तर बायका हिरिरीने हक्क मागताहेत असा निष्कर्ष निघेल, आणि तो महामार्गाच्या दोन्ही अंगांना असलेल्या पट्ट्यापुरताच खरा असेल. कोर्टापर्यंत पोचणारे तंटे हे एकूण तंट्यांचा नमुना नसतात, हा मुद्दा जॉर्ज प्रीस्ट आणि बेंजामिन क्लाइन या दोघांनी १९८४ मध्ये गणिती पद्धतीने मांडला. आमच्या बाररूममध्ये तो चहा पिता पिता सगळ्यांना माहीत असतो.

मग बाकीच्या बहिणी कुठे आहेत? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन तिथल्या बाकावर सकाळभर बसा. वडिलांचं वर्षश्राद्ध झालेलं असतं, तीन बहिणी वेगवेगळ्या गावांहून आलेल्या असतात, भावाने गाडी करून आणलेलं असतं. धाकटीच्या कडेवर मूल. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, सही. 'वाचलंत का?' असं विचारलं की थोरली भावाकडे बघते आणि 'हो' म्हणते. दुपारी भावाच्या घरी जेवण, साडीचोळी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. हे झालं हक्कसोड पत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे विनामोबदला सोडलं तर मुद्रांक पूर्वी २०० रुपये होता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५००. तेवढ्यात लाखोंचा हिस्सा इकडून तिकडे जातो आणि कुठल्याही कायदा पत्रिकेत त्याची एक ओळ छापून येत नाही.

मीही सही केली आहे. १९९९ साली. वकिली सुरू करून पाच वर्षं झाली होती, लग्न १९९४ च्या नंतरचं, म्हणजे मी कायद्याने पुरती सहदायिक होते आणि २९-अ वर कॉलेजात व्याख्यानही देऊन आले होते. कोणी जबरदस्ती केली नाही. आईने फक्त विचारलं, 'तू येशील ना गं दिवाळीला?' मसुदा मीच तपासून दिला. एका शब्दात चूक होती, ती दुरुस्तही केली.

या गोष्टीचं संशोधन कसं करणार? कलमात ती बसत नाही, कारण कलमाच्या दृष्टीने इथे काहीही बेकायदा घडलेलं नाही. 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' असं कागदावर लिहिलेलं आहे. तुमचा विषय इथे कायद्याच्या पुस्तकातून बाहेर पडतो आणि दुसऱ्यांच्या अंगणात जातो. ते अंगण आपलं नाही, तिथे चप्पल काढून जावं लागतं.

सगळ्यात जवळचं अंगण म्हणजे कागद वाचण्याचं. हक्कसोड पत्रं ही स्वतःच एक वाङ्मयप्रकार आहेत. लिहून देणार, लिहून घेणार, सबब, तपशील, चतुःसीमा. त्यातलं एक ठरलेलं वाक्य असं असतं: माझ्या लग्नात वडिलांनी व भावांनी भरपूर खर्च केलेला असून मला वेळोवेळी साडीचोळी, माहेरपण केलेले आहे, सबब मला हिस्सा नको आहे. कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य निरुपयोगी आहे. पत्र विनामोबदला आहे, मग खर्चाचा उल्लेख कशाला? तरी मसुदालेखक ते गाळत नाहीत, मीही गाळत नाही, कारण दोन्ही बाजूंना ते ऐकायचं असतं. हुंडा आणि हिस्सा यांची अदलाबदल झाली असं घरात जे मानलं जातं, त्याचा कबुलीजबाबच तो. पन्नास पत्रं शेजारी शेजारी ठेवा आणि हे वाक्य कधी येतं, कधी गळतं, २००५ नंतर त्यात काय भर पडली ते बघा. भाषेचा अभ्यास करणारा माणूस जसं वाचेल तसं वाचा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हे होऊ शकतं, आणि त्यासाठी ना अनुदान लागतं ना सॉफ्टवेअर.

दुसरा कागद म्हणजे फेरफार, जमिनीच्या दप्तरातली नाव बदलल्याची नोंद. सातबाऱ्यावर आज फक्त भावांची नावं दिसतात, पण ती कशी आली हे फेरफार सांगतो. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं असतं आणि बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात, बँकेच्या बोज्याच्या आणि विहिरीच्या पाळीच्या शेजारी. इतर हक्क! जिचा जन्माने हिस्सा आहे तिची नोंद कर्जाच्या रांगेत. कित्येक फेरफारांत तर बहिणींनी तलाठ्यापुढे दिलेल्या साध्या जबाबावर नावं कमी केलेली आहेत. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. स्थावरातला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो, आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही की जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे. म्हणजे त्या बहिणी कायद्याने आजही हिस्सेदार असू शकतात आणि त्यांना ते माहीत नाही. गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही, आणि फेरफाराच्या नोटिशीवर कोणाच्या सह्या आहेत, हे दोन्ही मिळवा.

संख्यांकडे वळण्याआधी एक सावधगिरी. नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमधून, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीतून, हक्कसोड पत्रं मोजता येतात, आणि मुलं तशी मोजून आणतात. मग आलेख वर चढला की लिहितात, बायकांवरचा दबाव वाढला. थांबा. बहिणीची सही लागते कधी? तिला हक्क असतो तेव्हा. १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा २००५ पर्यंत वडिलांच्या वाट्यातल्या वाट्यापुरता होता. पुढे तो भावाएवढा झाला, बँका आणि खरेदीदारांचे वकील सही मागू लागले, आणि पत्रं वाढली. म्हणजे वाढलेला आलेख हा कायदा निष्फळ ठरल्याचा पुरावा आहे की कायदा पोचल्याचा? दोन्ही असू शकतो. हे वेगळं काढायला नुसता आकडा पुरत नाही, दस्त उघडून बघावा लागतो.

आता अर्थशास्त्र. माझ्याकडे एकदा दोन सख्ख्या बहिणी आल्या. थोरलीचं लग्न मे १९९४, धाकटीचं १९९६. राज्याच्या कायद्याप्रमाणे धाकटी सहदायिक, थोरली नाही, कारण तिचा मुहूर्त चार-पाच आठवडे आधी निघाला. मला त्यात अन्याय दिसला. अर्थशास्त्रज्ञाला त्यात प्रयोगशाळा दिसते: एकच घर, तेच आईवडील, तीच जमीन, फरक फक्त एका तारखेचा. त्यातून राज्याराज्यांत तारखा वेगळ्या. केरळने १९७५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबच मोडीत काढलं, आंध्रने ऐंशीच्या दशकात दुरुस्ती केली, तमिळनाडूने १९८९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने १९९४ मध्ये. हा फरक वापरून जे अभ्यास झाले ते वाचाच. क्लाउस डायनिंगर आणि सहकाऱ्यांना महाराष्ट्र-कर्नाटकाच्या आकडेवारीत दिसलं की मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, भावाइतकी नाही, पण वाढली. शिक्षणही वाढलं. संचारी रॉय यांना दिसलं की प्रत्यक्ष जमीन मिळणं वाढलं नाही, बापांनी हयातीतच मुलांच्या नावे जमीन करून दिली आणि मुलींची भरपाई शिक्षणाने किंवा हुंड्याने केली. सोनिया भालोत्रा, रॅचेल ब्रुले आणि त्याच संचारी रॉय यांचा २०२० चा अभ्यास तर अंगावर काटा आणतो: मुलगी जमीन घेऊन जाणार या भीतीने मुलाचा हट्ट वाढला आणि मुली जन्मण्याआधीच कमी झाल्या. चांगल्या कायद्याचा असा परिणाम एकाही निवाड्यात तुम्हाला सापडणार नाही.

या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. ते जुळत नाहीत तिथेच वकिलाचं काम आहे. १९९४ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी दिलेला जन्माचा हिस्सा फक्त सहदायिकी मिळकतीला लागू. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली जमीन ते मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात, तिथे या हिश्श्याचा संबंधच नाही. मोठ्या सर्वेक्षणात 'ही जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' हे ठरवणं महाकठीण. कोर्टात आम्ही त्यासाठी तीन-तीन वर्षं पुरावा घेतो, तिथे सर्वेक्षकाला दहा मिनिटं मिळतात. शिवाय एकत्र कुटुंबाची जमीन बापाला मनमानी बक्षीस देता येत नाही, म्हणजे ज्या दस्तांनी कायद्याला बगल दिली त्यातले काही दस्तच रद्द होण्याजोगे आहेत. हे अर्थशास्त्रज्ञाला सांगणारा माणूस तुम्ही व्हायचं आहे. आकडेमोड तुम्हाला त्यांच्यासारखी जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही. आकडा कशाला म्हणायचं हे विचारता आलं पाहिजे.

त्याचं एक उदाहरण देते, कारण निम्म्या प्रबंधांत ही चूक असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या वहितीधारकांत बायका १३.९६ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, घर किंवा जमीन एकटीच्या किंवा सामाईक नावावर असलेल्या बायका ४३.३ टक्के. मुलं दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात टाकतात आणि 'पाच वर्षांत तिप्पट वाढ' असं लिहून मोकळी होतात. पहिला आकडा जमीन वाहणाऱ्याचा आहे, मालकीचा नाही. दुसऱ्यात नवऱ्याबरोबर नावावर असलेली दोन खोल्यांची घरकुलंही आली. माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळालेल्या बाईबद्दल या दोन्हींत काहीच नाही. नवऱ्यामागे विधवेचं नाव लागणं आणि बापामागे मुलीचं नाव लागणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गावात पहिलीला कोणी फारसं हरकत घेत नाही, घेतली जाते ती दुसरीला.

इतिहासाबद्दल मला लिहायला आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळते. कायद्याच्या संशोधनात गावात जाऊन विचारणं ही नवी टूम आहे असं तुमचे गाईड म्हणत असतील तर त्यांना १८२७ साल दाखवा. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारला दख्खनमधले दिवाणी दावे चालवायचे होते. ग्रंथात काय आहे आणि लोक काय पाळतात यात अंतर आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि आर्थर स्टील याने शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या लोकांना विचारून रूढींचा संग्रह केला. त्याच्या हेतूंबद्दल आणि त्याने कोणाला विचारलं याबद्दल शंका घ्याच. माहिती देणारे पुरुष होते हे वेगळं सांगायला नको. पण पद्धत तीच, जी तुम्ही आज वापरू बघताय.

आणि ग्रंथांतही सगळीकडे बहीण बाहेर नव्हती. मूळच्या पैठणच्या, काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात व्यवहारमयूख हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यात भावाच्या वारसांत आजीनंतर बहिणीला जागा दिली आहे, कारण तीही त्याच गोत्रात जन्मली. यामुळे मुंबई इलाख्यात बहीण वारस ठरत होती, जेव्हा मिताक्षरा हा जुना ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या इतर बहुतेक भागांत तिला १९२९ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. मुंबई इलाख्यात मुलीला वारशाने मिळालेली मिळकतही तिच्या पूर्ण मालकीची होत असे, इतरत्र ती हयातीपुरती. मयूखाची चिकित्सक आवृत्ती काढणारे पां. वा. काणे हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. पुढे त्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. संस्कृत आणि वकिली एकाच माणसाच्या टेबलावर होती, आणि त्याला कोणी आंतरविद्याशाखीय वगैरे म्हटलं नाही.

माझा सगळ्यात आवडता दाखला मात्र एका रसायनशास्त्रज्ञाचा आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये छापला. माती, पाणी, पीक तपासता तपासता त्यांनी जुनी दप्तरं काढली आणि दाखवलं की १७७१ मध्ये सरासरी धारणा, म्हणजे एकाच्या ताब्यातली शेतजमीन, ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. वारसाहक्काने वाटण्या होऊन जमिनीचं काय होतं याचं इतकं नेमकं चित्र तेव्हाच्या कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. (आज तिथे बारा-पंधरा मजली सोसायट्या आहेत आणि गुंठ्याचा भाव विचारायची सोय नाही.) लगेच १९१८ मध्ये तरुण आंबेडकरांनी लहान धारणांवर लेख लिहून सगळ्या चर्चेलाच आव्हान दिलं: धारणा लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात यावर ठरतं, आणि जमिनीवर जो जादा भार आहे तो कारखानदारीकडे वळवायला हवा. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात लहान धारणांचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी विरोधात भाषण केलं. तरी १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झालाच.

हे सगळं तुमच्या विषयात कशाला? कारण तोच तुकडेबंदीचा कायदा आज बहिणीपुढे उभा केला जातो. प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केलं. भाऊ सांगतो, 'ताई, तुझ्या वाट्याला सहा गुंठे येतात, त्याची नोंदच होत नाही, मग कशाला?' वाटपात तुकडा पडत असेल तर जमिनीऐवजी पैशात भरपाई द्यायची तरतूद आहे, हा अर्धा भाग तो सांगत नाही, बहुतेक वेळा त्याला माहीतही नसतो. शेतीच्या भल्यासाठी केलेला कायदा वारसाच्या कायद्याला घरात बसून कसा हरवतो हे बघायचं असेल, तर मान आणि आंबेडकर वाचल्याशिवाय तुमचं प्रकरण पुरं होणार नाही. एक व्यवहाराची गोष्ट: जुन्या दप्तराला हात लावायचा तर मोडी यायला हवी, निदान मोडी वाचणारा माणूस ओळखीचा हवा. तीन महिन्यांत कामापुरती येते.

समाजशास्त्र, मानवशास्त्र. इरावती कर्व्यांचं नातेसंबंधांवरचं लेखन घ्या. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, सोयरीक जवळपासच्या गावांत होते, उत्तरेसारखी मुलगी दूर अनोळखी गावात जात नाही. बीना अगरवाल यांनी १९९४ च्या त्यांच्या ग्रंथात हाच धागा जमिनीला लावला: मुलगी माहेरच्या जवळ राहत असेल तर तिला जमीन देणं घराला कमी जड जातं. मग महाराष्ट्रात बहिणींना हिस्सा जास्त मिळायला हवा होता. का मिळत नाही? मला विचाराल तर तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न हाच आहे.

मुलाखतींबद्दल एकच सांगते, पण ते पक्कं लक्षात ठेवा. 'तुम्ही हक्क का सोडला?' हा प्रश्न प्रश्नावलीत नको. या प्रश्नाला एकच उत्तर आहे, 'आमच्या भावाचं काय चांगलं आहे, त्याला राहू दे', आणि ते उत्तर खरं आहे की पाठ केलेलं हे बाईलाही सांगता येत नाही. त्याऐवजी विचारा, वडिलांचं रान आता कोण करतं? तुम्ही शेवटचं कधी गेलात तिथे? बांधावरची चिंच कोणाच्या वाट्याला? सहीच्या दिवशी गाडीत कोण कोण होतं? बाई बोलायला लागते. आणि मुलाखत सासरी घ्या, पण नवरा शेजारी नको, कारण त्याचं म्हणणं भावाच्या बरोबर उलट असतं आणि तेही पैशाचंच असतं. नावं, गट क्रमांक प्रबंधात घालू नका. तुमच्या एका तळटीपेने एखादीचं माहेर तुटायचं.

तौलनिक अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेला जाऊ नका, बांद्याच्या पुढे जा. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या १८६७ पासूनच्या परंपरेत मुलगा-मुलगी समान वारस आहेत आणि मिळकतीचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, बापाला तो मृत्युपत्राने फिरवता येत नाही. आता हे २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आलं आहे. माणूस गेल्यावर कोर्टात इन्व्हेंटरी म्हणजे मिळकतीची यादी करून वाटप होतं. आपल्याकडे वाटप हे भांडण मानलं जातं, तिथे ते मृत्यूनंतरचं एक ठरलेलं काम आहे. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यात जात, भाषा, देव, सोयरिकी बऱ्याच सारख्या, कायदा वेगळा. गोव्यातही बहिणी हक्क सोडतात, पण कुठल्या टप्प्यावर आणि कोणासमोर, हा फरक बघण्यासारखा आहे.

संगणकाचं थोडक्यात. न्यायालयांची माहिती आता ई-कोर्टवर आणि राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर आहे, त्यावर लाखो खटल्यांचे अभ्यास होतात. तुमच्या विषयाला त्याचा उपयोग मर्यादित, कारण दाव्याच्या प्रकारात 'वाटप' एवढंच असतं, वादी बहीण आहे की पुतण्या हे नावावरून ताडावं लागतं. आणि चॅटबॉटला निवाडे विचारू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी अस्तित्वातच नसलेले निवाडे असेच दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात गेल्या वर्षी असे दोन निवाडे होते. नाव, साल, पान क्रमांक, सगळं झकास. निवाडा मात्र नाही.

मानसशास्त्र वगैरे सोडून द्या, एका वर्षात तेवढं होत नाही.

आता सुरुवात. एक तालुका घ्या, त्यातली तीन गावं: एक महामार्गालगतचं, एक कालव्याखालचं बागायती, एक कोरडवाहू. प्रत्येक गावात २००५ नंतरचे वारस फेरफार काढा, मृत खातेदाराला मुली होत्या का ते ६-क वरून बघा, आणि आज सातबाऱ्यावर कोण आहे ते लावा. तेवढ्याच गावांची हक्कसोड पत्रं सूची दोनवरून शोधा आणि जेवढ्यांच्या नकला परवडतील तेवढ्या घ्या. मग पंधरा-वीस बायकांना भेटा. आकडे छोटे असतील, त्यावरून महाराष्ट्राबद्दल बोलू नका, त्या तीन गावांबद्दल बोला. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जाताना अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या, आणि दुपारी दोननंतर जाऊ नका.

गाईडांना सांगा, 'पहिली दोन प्रकरणं पूर्ण निवाड्यांचीच असतील, विनीता शर्मापर्यंतची सगळी साखळी तुम्हाला हवी तशी लिहून देईन.' त्यांची सही त्या आराखड्यावर आधी घ्या, फेरफारांचं मग हळूच काढा.